मले आणि मला

आमच्या घरात गेल्या काही वर्षांपासून एक वही आहे. दोनशे पानी, रेघी, कापडी पाठीची. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत मलकापूरच्या बाजारात ढिगाने मिळते तशी. पहिल्या पानावर १९ ऑगस्ट २०१९ ही तारीख आहे आणि तिच्याखाली पट्टीने आखलेले दोन रकाने आहेत. डावीकडच्या रकान्याचे शीर्षक 'म्हणाले', उजवीकडच्याचे 'म्हणायचे होते'. पहिली चाळीसेक पाने दोन्ही रकाने भरलेले आहेत. पुढे उजवा रकाना विरळ होत जातो आणि एका पानानंतर तो आखलेलाच नाही. तो का आखला नाही, हे सांगण्यासाठी हे टिपण.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघेही चाळिशीतले, दोघेही मराठीत एम. ए. झालेले. ज्यांच्या बोलण्याची ही वही आहे ते नाना आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. नानाही मराठीचेच शिक्षक. छत्तीस वर्षे त्यांनी माध्यमिक शाळेत व्याकरण शिकवले. मलकापूर परिसरात आजही साठीकडे झुकलेली माणसे रस्त्यात थांबून 'सरांनी माझ्या निबंधावर लाल शाई सांडली होती' असे अभिमानाने सांगतात. म्हणजे आमच्या घरात तिघांचे पोट एकाच भाषेवर चालले, आणि जुलै २०१९ मधल्या एका रात्री तिघांपैकी सर्वांत जुन्या माणसाची ती भाषा गेली.

त्या रात्रीची चूक आमची आहे आणि ती आधी सांगितली पाहिजे. जेवण झाल्यावर नऊच्या सुमारास नानांच्या उजव्या हातातून पेला सुटला. जीभ जड वाटते, असे काहीसे ते म्हणाले. शब्द थोडे चिकटल्यासारखे येत होते. बाहेर पाऊस होता, दिवसभर त्यांनी उपास केला होता. पित्त असेल, झोपले की बरे वाटेल, असे आम्ही ठरवले आणि साखरपाणी देऊन त्यांना झोपवले. सकाळी सहाला उठलो तेव्हा उजवे अंग लुळे होते, तोंड वाकडे झाले होते आणि वाचा नव्हती. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत आणखी तीन तास गेले. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे आम्हाला तेथे कळले. रात्री नऊला ज्याला आम्ही पित्त म्हटले त्याला अर्धांगवायू म्हणतात, हेही तेथेच कळले.

पुढे आम्ही या विषयावर वाचू लागलो. वाचणे हे आमचे एकमेव कौशल्य. मेंदूतली मोठी रोहिणी तुंबली आणि उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली एका अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञाने मांडला आहे. माणसाच्या मेंदूत अशा पेशी सुमारे ८,६०० कोटी असतात. रात्री नऊ ते सकाळी सहा, असा गुणाकार आम्ही एकदा कागदावर केला आणि तो कागद फाडून टाकला.

नानांच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग रक्तावाचून मेला होता. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका या शल्यविशारदाने ज्या भागाचा संबंध बोलण्याशी जोडला, त्याच्या आसपासचा हा प्रदेश. ब्रोकाचा प्रसिद्ध रुग्ण वर्षानुवर्षे 'तां' एवढाच उच्चार करू शकत होता. बोललेले मात्र त्याला बरेच समजे. या अवस्थेला मराठीत वाचाघात म्हणतात. शब्द चपखल आहे, पण तो ऐकताना आम्हाला नेहमी एक गफलत होण्याची भीती वाटते. वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे. भेटायला येणारी माणसे नानांशी मोठ्याने, लहान मुलाशी बोलावे तशी बोलत. नाना डोळे मिटून घेत.

डॉक्टरांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की मेलेला भाग परत येणार नाही. दुसरी अशी की मेंदू शिकतो, आणि या वयातही शिकतो. ही दोन वाक्ये एकत्र कशी खरी असू शकतात, हे समजायला आम्हाला बरेच महिने लागले.

विज्ञानालाही त्याला बराच काळ लागला आहे. चेतापेशींची रचना जगाला चितारून दाखवणारा स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन इ काहाल (त्याला १९०६ चे नोबेल मिळाले) याने प्रौढ मेंदूतले मार्ग ठरलेले आणि अपरिवर्तनीय असतात, तेथे नव्याने काही उगवत नाही, असा निराश निष्कर्ष काढला होता. हा निकाल बदलता आला तर तो भावी विज्ञानाने बदलावा, असेही त्याने जोडले होते. पुढची काही दशके तो निकाल जवळपास शेवटचा शब्द मानला गेला. १९४९ मध्ये डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाने असे मांडले की ज्या पेशी वारंवार एकत्र काम करतात त्यांच्यातले सांधे बळकट होतात. १९८० च्या दशकात मायकेल मर्झेनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की हाताचे एखादे बोट गेले, तर मेंदूच्या पृष्ठावरील त्या बोटाची जागा ओस पडत नाही. शेजारची बोटे ती हळूहळू व्यापतात. मेंदूचा नकाशा आयुष्यभर बदलत राहतो, ही कल्पना तेव्हापासून रुजली. प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी जन्मतात का, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. १९९८ मध्ये स्मृतीशी निगडित असलेल्या भागात त्या जन्मतात, असा पुरावा आला. २०१८ मध्ये त्याच्या विरोधातला आणि बाजूचा, असे दोन्ही शोधनिबंध एकाच वर्षी प्रसिद्ध झाले.

नानांच्या बाबतीत या वादाने फरक पडणार नव्हता. त्यांच्यासाठी जे काही व्हायचे ते उरलेल्या पेशींकडूनच होणार होते. आघाताच्या भोवतालचा सुन्न झालेला भाग सूज उतरल्यावर जागा होतो. आघातापासून दूर असलेले, पण त्याच्याशी जोडलेले भागही काही काळ गप्प बसतात आणि मग पुन्हा कामाला लागतात. वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडतात. जुने, न वापरलेले जोड वापरात येतात. पहिल्या तीन महिन्यांत हे सगळे वेगाने होते, पुढे मंदावते, पण थांबत नाही. आणि यातले बरेचसे सरावाशिवाय होत नाही. आम्ही शिक्षक, 'सराव' हा शब्द ऐकून आम्हाला धीर आला. तेथेच आमची दुसरी चूक सुरू झाली.

पण त्याआधी नानांचा पहिला शब्द. रुग्णालयातून घरी आल्यावर बाराव्या दिवशी दाढी करताना न्हाव्याच्या हातून किंचित कापले आणि नानांच्या तोंडून अगदी स्वच्छ, ठसठशीत शिवी बाहेर पडली. छत्तीस वर्षांत वर्गात आणि घरात ज्यांनी 'मूर्ख' यापलीकडे अपशब्द वापरला नाही, त्या माणसाच्या तोंडून. न्हावी हसला, आम्ही हसलो, नाना स्वतः गोंधळून इकडेतिकडे पाहू लागले. पुढे स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितले की असे पुष्कळदा होते. शिव्या, देवाची नावे, वार, महिने, अंक, पाठ केलेली गाणी ही भाषा जणू वेगळ्या कोठीत ठेवलेली असते. विचार करून वाक्य रचावे लागते ती भाषा जाते, तेव्हाही ही शिल्लक राहू शकते.

मग आम्ही ती कोठी धुंडाळू लागलो. आमच्या दहा वर्षांच्या मुलीने नानांच्या खाटेशेजारी बसून बेचा पाढा सुरू केला आणि तिसऱ्या पायरीपासून नाना तिच्याबरोबर म्हणू लागले. बे, तीन, चार करत ते थेट एकोणतिसापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी दिडकी आणि अडीचकी, जी आम्हाला कोणालाच येत नाही. आम्ही हर्षभरित होऊन विचारले, 'नाना, तीन सत्ते किती?' नाना आमच्याकडे पाहत राहिले. ओठ हलले, आवाज नाही. मुलीने पुन्हा 'तीन एके' म्हणून सुरुवात करून दिली, तेव्हा ते ओघात एकविसावर पोहोचले आणि ओलांडून पुढे गेले. एकवीस हा आकडा त्यांच्यापाशी होता, पण त्याच्याकडे जाणारा एकच रस्ता उरला होता आणि तो 'तीन एके तीन' पासून सुरू होत होता.

थेरपिस्ट बाईंनी याच रस्त्याचा उपयोग करायला शिकवले. बोलता येत नाही पण गाता येते अशा रुग्णांसाठी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन येथे एक पद्धत बांधली गेली. रोजच्या गरजेचे वाक्य चालीत म्हणायचे, डाव्या हाताने ताल धरायचा, आणि मग चाल हळूहळू काढून घ्यायची. मेंदूची उजवी बाजू यात डावीच्या मदतीला येते असा मूळ विचार होता. प्रत्यक्षात काम उजवी बाजू करते की डावीचा वाचलेला भाग, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. आमच्या घरात 'पाणी पाहिजे' हे दोन शब्द तीन आठवडे भजनाच्या चालीवर म्हटले जात होते. शेजारच्यांना वाटे की आमच्याकडे सप्ताह बसला आहे.

आता त्या दुसऱ्या चुकीविषयी.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका दुपारी नानांनी चालीशिवाय, कोणी सुरुवात करून न देता, स्वतःहून दोन शब्द उच्चारले. वहीत ती नोंद आहे : 'मले पानी.' आघातानंतरचे ते त्यांचे पहिले स्वतंत्र वाक्य. आणि आम्ही, मराठीच्या दोन प्राध्यापकांनी, पाण्याचा पेला हातात घेऊन म्हटले, 'मले नाही नाना, मला. म्हणा, मला पाणी पाहिजे.'

नानांनी आमच्याकडे पाहिले. पेला घेतला नाही. त्यानंतर दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत, पाढेसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून आली, खाटेशी गेली आणि म्हणाली, 'नाना, काहून बोलून नाई राह्यले?' ती हे गल्लीत शिकली होती; आम्ही घरात तिला टोकत होतो. नानांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, 'हाव.' मग थोडे थांबून पुन्हा, 'मले पानी.' तिने पाणी दिले. तिच्या दृष्टीने त्या वाक्यात दुरुस्त करण्याजोगे काही नव्हतेच.

नानांची घरची बोली वऱ्हाडी. ते नळगंगेच्या काठच्या एका खेड्यात वाढले. त्यांच्या आईला 'मला' हे रूप कधी माहीतही नसेल. प्रमाण मराठी ते शाळेत शिकले, मग डी. एड. करताना घासूनपुसून शिकले आणि पुढे आयुष्यभर इतरांना शिकवत राहिले. हजारो वह्यांतल्या 'मले' आणि 'तुले' वर त्यांनीच लाल रेघ ओढली होती. आम्ही त्या दिवशी केले ते त्यांच्याकडूनच शिकलेले होते.

एकाहून अधिक भाषा जाणणाऱ्या माणसाला वाचाघात झाला, तर कोणती भाषा आधी परतते, हा प्रश्न जुना आहे. फ्रान्समध्ये रिबो याने १८८१ मध्ये असे मांडले की स्मृतीत सर्वांत जुने जे असते ते सर्वांत शेवटी जाते. या न्यायाने बालपणीची भाषा टिकावी. पित्र याने १८९५ मध्ये त्याला छेद देत म्हटले की आघाताच्या वेळी जी भाषा सर्वाधिक वापरात असेल ती आधी परतते. नंतरच्या अभ्यासांत दोघांनाही अपवाद सापडले. कोणाच्या सगळ्या भाषा बरोबरीने परततात, कोणाच्या आळीपाळीने. पित्रच्या न्यायाने नानांची प्रमाण मराठी आधी यायला हवी होती. आली वऱ्हाडी. पण आम्ही यावरून कोणताही नियम काढत नाही. कदाचित ती त्यांच्या मनात सदैव चालू असलेली भाषा असेल, आणि आम्ही फक्त त्यांच्या ओठांवरची भाषा ऐकत आलो असू.

टोचणी वेगळीच आहे. त्याच सत्रात आम्ही वर्गात उद्धव शेळके यांची १९६० मधली 'धग' ही कादंबरी शिकवत होतो. तिच्यातल्या वऱ्हाडी संवादांविषयी, बोलीच्या सामर्थ्याविषयी, प्रमाणभाषेच्या वर्चस्वाविषयी पंचेचाळीस मिनिटे बोलून, फळा पुसून आम्ही घरी आलो होतो आणि अर्ध्या तासात एका आजारी माणसाच्या पहिल्या वाक्याची विभक्ती दुरुस्त केली होती. बोली आम्हाला पुस्तकात मान्य होती. आमच्या खाटेवर मात्र तिला जागा नव्हती.

त्या दिवसापासून वहीचा उजवा रकाना डळमळू लागला. 'म्हणायचे होते' हे आम्ही कोणत्या अधिकाराने लिहीत होतो? नाना चष्म्याला छत्री म्हणत, तेव्हा उजवीकडे 'चष्मा' लिहिणे योग्य होते, कारण छत्री दिल्यावर ते मान हलवत. पण 'मले' समोर 'मला'? 'पानी' समोर 'पाणी'? भाषेची हानी कोणती आणि भाषेचे दुसरे घर कोणते, हे आम्हाला वेगळे करता येत नव्हते.

व्याकरणाच्या विद्यार्थ्यांसाठी एक निरीक्षण येथे नोंदवतो. ब्रोकाच्या प्रकारच्या वाचाघातात इंग्रजी बोलणाऱ्यांचे प्रत्यय गळून पडतात आणि तारेच्या मजकुरासारखी भाषा उरते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पण १९८० नंतर निरनिराळ्या भाषांची तुलना होऊ लागली, तेव्हा दिसले की प्रत्ययांनी समृद्ध असलेल्या भाषांत प्रत्यय गळण्यापेक्षा एकाच्या जागी दुसरा येण्याचे प्रमाण मोठे असते. नानांचेही तसेच होते. 'शाळेत' ऐवजी 'शाळेनं' म्हणत, 'ती आला' म्हणत; पण 'शाळे' असे उघडे सामान्यरूप लटकत ठेवून थांबल्याची एकही नोंद वहीत नाही. भाषा मोडली तरी मराठीच्या धाटणीने मोडली होती.

हाताचे शिक्षण वेगळ्या वाटेने चालले होते. मेंदू आणि पाठीच्या कण्यातले तंतू तुटले तर जवळपास वाढत नाहीत. तेथली जखम भरताना होणारा व्रण आणि आवरणातली काही द्रव्ये त्यांना अडवतात. हातापायांतल्या नसांचे तसे नाही. त्यांचे आवरण शाबूत असेल तर त्या दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात. विदर्भात नसांच्या दुखण्याची ओळख आम्हा सर्वांना कुष्ठरोगामुळे आहे. वर्ध्याजवळ मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये सुरू केलेले दत्तपूर, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये उभारलेले तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन ही नावे आम्ही शाळेत असल्यापासून ऐकली. कुष्ठरोगाचे जंतू नसांच्या आवरणातल्या पेशींत ठाण मांडतात, संवेदना जाते, बोटे वाकडी होतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यविशारदाने अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. ज्या स्नायूची नस शाबूत आहे त्याची कंडरा सोडवून ती लुळ्या बोटाला नव्या ठिकाणी जोडायची. शस्त्रक्रिया काही तासांची. त्यानंतर रुग्णाला आठवडेच्या आठवडे शिकावे लागे, की पूर्वी एक काम करणारा स्नायू आता दुसरे करतो. तेथे नस तीच राहते, स्नायू तोच राहतो. नवे शिकतो तो मेंदू.

नानांच्या उजव्या हाताला फिजिओथेरपिस्टने उलटी युक्ती सांगितली. चांगला डावा हात रोज काही वेळ जाड हातमोज्यात बंद ठेवायचा, म्हणजे उजव्याला काम करावेच लागते. एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून ही उपचारपद्धती आली आहे. वापरून न साधल्यामुळे रुग्ण दुबळा हात वापरणेच सोडून देतो, आणि न वापरल्यामुळे मेंदूतली त्याची जागा आणखी आक्रसते, हा त्यामागचा विचार. नानांना ते अपमानास्पद वाटे. पहिल्या आठवड्यात त्यांनी हातमोजा दातांनी ओढून फेकला. हळूहळू उजव्या हाताने वाटाणे वाटीत टाकता येऊ लागले. बटण लावता येत नाही, ते अजूनही येत नाही.

याच काळात आणखी एक वादळ घरावरून गेले. नातेवाइकांनी जाहिराती पाठवायला सुरुवात केली : मूलपेशींची इंजेक्शने, मेंदू नव्याने तयार होतो, इतके लाख रुपये. गावाकडचे दोन एकर विकावेत का, यावर आम्ही एक रात्र जागून काढली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांतले मूलपेशी प्रत्यारोपण सोडले, तर असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही, हे आम्हाला एका परिचित डॉक्टरांनी सांगितले. शेत वाचले. पण त्या रात्री आम्हाला कळले की पूर्ववत होण्याची इच्छा माणसाला कोठवर नेऊ शकते. आम्हाला नाना परत हवे होते. आमच्यासमोर बसलेले नाना आम्ही अजून स्वीकारले नव्हते.

ते स्वीकारायला आम्हाला ज्याची मदत झाली, ते वैद्यकाचे पुस्तक नव्हते. मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पद्मश्री डॉ. वि. भि. कोलते यांचे नाव आहे. कोलते याच तालुक्यातल्या नरवेलचे. जन्म १९०८ चा. महानुभाव साहित्याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला आणि १९७८ मध्ये त्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' प्रसिद्ध झाले. आम्ही हा ग्रंथ वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ऋद्धिपूर येथे नागदेवाचार्यांच्या साहाय्याने, आणि माणसांना गाठून त्यांच्या आठवणी विचारत, लीळा गोळा केल्या. मूळ प्रत पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नष्ट झाली. ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांनी तो स्मृतीतून पुन्हा उभा केला. हिराइसेच्या आठवणीतला पाठ, दुसऱ्या कोणाच्या आठवणीतला पाठ, असे पाठ वेगवेगळे झाले; जेथे आठवणी जुळल्या नाहीत तेथे पंथाने एक बरोबर आणि दुसरी चूक असा निवाडा न करता दोन्ही लिहून ठेवल्या. अशा पाठभेदाला त्या परंपरेत 'वासना' म्हणतात. वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकांवर हशा पिकतो. मग आम्ही त्याचा अर्थ सांगतो.

म्हणजे मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ आज जो आपण वाचतो तो दुरुस्त झालेला ग्रंथ आहे. मूळ हरवले आहे. जे आहे ते अनेकांच्या शिल्लक राहिलेल्या स्मरणातून, नव्या वाटांनी आलेले आहे, आणि तरीही कोणी त्याला लीळाचरित्र नव्हे असे म्हणत नाही. ही तुलना फार ताणू नये, याची आम्हाला जाणीव आहे. ग्रंथ पुन्हा उभारणारी माणसे आपण काय करीत आहोत हे जाणत होती; चेतापेशी काही जाणत नाहीत. ग्रंथाला वेदना होत नाही. नानांना शब्द सापडत नाही तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम येतो. पण संपादनाचा एक धडा मात्र आम्ही येथून घेतला. पाठ ठरवण्यापूर्वी तो जसा मिळाला तसा उतरवून घ्यावा.

वहीत ५ जानेवारी २०२० नंतर उजवा रकाना नाही. एकाच उच्चाराचे आम्हा दोघांना दोन अर्थ लागले, तर दोन्ही लिहितो. नानांचे वाक्य आम्ही पूर्ण करून देत नाही. थेरपिस्ट बाईंनी हे पहिल्याच भेटीत बजावले होते, तेव्हा ऐकले नव्हते. करोनाच्या टाळेबंदीत बाईंचे येणे थांबले, मोबाइलच्या पडद्यावर सराव चालला, त्याचा नानांना कंटाळा आला. तेव्हाच्या महिन्यांत त्यांच्याशी सर्वाधिक बोलली ती आमची मुलगी, आणि तीही पूर्ण वऱ्हाडीत. प्रमाण मराठी त्यानंतर वर्षभराने, तुकड्यातुकड्यांनी आली. आता जुने विद्यार्थी भेटायला आले की नाना 'बसा' म्हणतात. ते गेले की 'गेले का लोकं' असे विचारतात. दोन्ही घरांचे दरवाजे कोठे उघडतात ते त्यांना पुन्हा कळू लागले आहे.

जे आले नाही तेही सांगितले पाहिजे. नाना वर्तमानपत्राचे मथळे वाचतात, बातमी वाचू शकत नाहीत. स्वतःचे नाव डाव्या हाताने लिहितात, आडनावाशी थांबतात. व्याकरणावर बोलू शकत नाहीत. 'समास' हा शब्द ऐकला की ओळखीचे हसतात. त्या रात्रीचे नऊ तास आम्ही त्यांना परत देऊ शकत नाही, आणि मेंदूच्या लवचीकतेविषयी कितीही वाचले तरी ते ओझे हलके होत नाही. लवचीकतेलाही मर्यादा असतात. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण या विषयावरची लोकप्रिय पुस्तके वाचून कोणाला असे वाटू नये की पुरेसा सराव केला तर सगळे परत येते. आणि परत आले नाही तर रुग्णाने पुरेसा सराव केला नाही. अर्धांगवायूचे लक्षण दिसताच रात्र असो की पाऊस, रुग्णालयात निघावे, एवढा एक साधा उपदेश मात्र या टिपणातून कोणी घेतला तर बरे होईल.

वर्गातही थोडे बदलले आहे. उत्तरपत्रिकेत 'मले' दिसले तर खूण आम्ही अजूनही करतो. विद्यापीठाच्या परीक्षेत विद्यार्थ्याचे गुण जाऊ नयेत ही आमची जबाबदारी आहे. पण तोंडी उत्तर देणाऱ्या मुलाला मध्येच थांबवत नाही. पूर्वी आम्ही थांबवत असू, आणि ती मुले नंतर वर्षभर बोलत नसत. त्यांच्या गप्प बसण्याला आम्ही न्यूनगंड म्हणत असू. तो कोठून आला याचा शोध आम्ही कधी घेतला नव्हता.

वहीतली शेवटची नोंद गेल्या पावसाळ्यातली आहे. संध्याकाळी पाऊस थांबला होता, खिडकी उघडी होती. नाना बाहेर पाहत म्हणाले, 'नळ... आला.' आमच्यापैकी एकाला वाटले, त्यांना नळाला पाणी आले असे म्हणायचे आहे; मलकापुरात नळ येणे ही सांगण्याजोगी बातमी असतेच. दुसरीला वाटले, नळगंगेला पूर आला असे ते सांगताहेत. लहानपणी पुरात त्यांच्या घराची भिंत खचल्याचे ते पूर्वी सांगत असत. आम्ही विचारले नाही. मुलगी उठून मोरीत गेली आणि तिने तोटी सोडून पाहिली. नळाला पाणी आले नव्हते. नाना अजूनही खिडकीबाहेर पाहत होते. वहीत आम्ही दोन्ही अर्थ लिहून ठेवले आहेत.